दारातला भुट्टा

स्वीट कॉर्न आपल्याकडे नवा आहे. घराला लागून मका लावायची रीत मात्र जुनी आहे आणि ती परतवाड्यापासून फार लांबही नाही. गाव सोडून सातपुड्याचा घाट चढला की मेळघाटातल्या कोरकू वस्त्यांमध्ये घरामागे कुंपण घातलेली बाडी दिसते. पावसाळ्यात त्या बाडीत मका उभा असतो. धांड्यांवर वालाचे वेल चढलेले असतात, बुडाशी काकडी नाहीतर भोपळा पसरलेला असतो. कोदो, कुटकी, ज्वारी शेतात, मका दाराशी. ही पुस्तिका परतवाडा-अचलपुरातल्या घरांसाठी लिहिली आहे, तरी तिची सुरुवात या बाडीपासून करावीशी वाटते. परसबागेत मका का लावावा आणि कसा लावावा, हे तिथल्या बायाबापड्यांनी कधीच ठरवून टाकलेलं आहे.

पहिल्या पावसावर टोबलेला मका श्रावण सरता सरता कोवळा खाता येतो. त्या दिवसांत घरातलं जुनं धान्य संपत आलेलं असतं आणि शेतातलं नवं हाती यायला अजून दोन-तीन महिने असतात. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या नेमक्या याच पावसाळी महिन्यांत येतात, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या कोवळ्या कणसाची किंमत कळते. बाडीची मातीही वेगळी असते. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख वर्षानुवर्षं तिथेच पडत आलेली असते आणि मक्यासारखं खादाड पीक पोसायला तीच लागते. शिवाय राखण. कणसात दूध भरू लागलं की पोपट, वानर, रानडुक्कर सगळ्यांना त्याचा सुगावा लागतो. घरातल्या माणसाची नजर जिथे सतत पोचते तिथेच हे पीक वाचतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे झाडापासून चुलीपर्यंतचं अंतर. ज्वारी महिनाभर खळ्यावर पडली तरी तिचं काही बिघडत नाही. कोवळ्या मक्याला तेवढी सवड नसते.

मक्याचं मूळ मेक्सिकोत. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी एका रानगवतातून तो घडवला. मक्याच्या आधाराने घेवड्याचे वेल चढवायचे आणि खाली भोपळा पसरू द्यायचा, ही त्या खंडातल्या आदिवासींची जुनी पद्धत. घेवडा हवेतला नत्र मातीत आणतो, भोपळ्याची पानं ओल धरून ठेवतात, आणि मक्याच्या प्रथिनांत जे कमी पडतं ते घेवड्याच्या दाण्यातून भरून निघतं. मका समुद्र ओलांडून सोळाव्या शतकाच्या आगेमागे आपल्याकडे आला. त्याच्यासोबत ही पद्धत कुणी शिकवायला आलं असेल असं मला वाटत नाही. तरी मेळघाटच्या बाडीत मका, वाल आणि भोपळा एकत्रच नांदताना दिसतात. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

खाली सपाटीवर मक्याला अशी जागा कधी मिळाली नाही. वऱ्हाडची काळी जमीन पऱ्हाटीने, ज्वारीने आणि तुरीने व्यापली, पुढे सोयाबीनने. आणि अचलपूर, चांदूरबाजार, मोर्शी, वरुड या पट्ट्यात संत्र्याने. सीमेपलीकडचा छिंदवाडा जिल्हा स्वतःला अभिमानाने कॉर्न सिटी म्हणवतो. आपल्याकडे मात्र भुट्टा ही गाडीवरची वस्तू झाली. चिखलदऱ्याच्या धुक्यात निखाऱ्यावर भाजलेला, लिंबू-मीठ-तिखट चोळलेला भुट्टा ठाऊक नाही असा माणूस परतवाड्यात सापडणार नाही. तो भुट्टा ज्या झाडाला लागतो ते झाड मात्र गावातल्या पुष्कळ मुलांनी जवळून पाहिलेलं नसतं. अलीकडे कपात लोणी घालून मिळणारे गोड दाणे आले, आणि त्या दाण्यांपासून झाडापर्यंतचा रस्ता आणखीच लांबला.

स्वीट कॉर्न ही निराळी वनस्पती नव्हे. पानं साखर तयार करून दाण्याकडे पाठवतात, आणि साध्या मक्याचा दाणा त्या साखरेचं पिठूळ स्टार्च करून साठवून ठेवतो. गोड मक्यात या कामातला एक जनुक बिघडलेला असतो, म्हणून साखर साखरच राहते. उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वा लोकांकडे असा मका होता. १७७९ मध्ये तो तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती लागला. पुढची मोठी पायरी १९५०च्या दशकातली. इलिनॉय विद्यापीठातले जॉन लॉफनन मक्याच्या आनुवंशिकतेवर काम करत होते. त्यांच्याकडच्या एका प्रकाराचे दाणे वाळल्यावर चिपाडासारखे आक्रसून जात. ते त्यांनी चावून पाहिले आणि त्यांची गोडी त्यांना जाणवली. १९५३ साली त्यांनी यावर लिहिलं आणि त्यातून अतिगोड मक्याचे वाण निघाले. या गटातल्या दाण्यात साखर साध्या गोड मक्याच्या दुपटी-तिपटीने असते आणि ती टिकतेही जास्त. दुकानातून आणलेलं बियाणं सुरकुतलेलं, पोचट, वजनाला हलकं दिसलं तर ते फसवं समजू नये. दाण्यात पीठ कमी म्हणूनच तो तसा दिसतो. पण त्याच कारणाने त्या बियाण्यात उगवण्याची ताकद कमी असते. गार, चिखलट मातीत ते सडतं. एक इंचापेक्षा खोल टोबलं तर बाहेर येता येता दमतं.

साध्या गोड मक्याची कणसं वाण्याच्या दुकानात का शोभत नाहीत, तेही आता कळेल. कणीस तोडलं तरी दाणा जिवंत असतो आणि साखरेचं पीठ करण्याचं त्याचं काम चालूच राहतं. उबदार हवेत एका दिवसात निम्म्यापर्यंत साखर जाते. आधी चुलीवर पाणी ठेवावं आणि मग कणीस तोडायला जावं, असं मका पिकवणारे सांगतात ते यासाठी. अतिगोड वाणांनी ही घाई कमी केली, म्हणून तर ते शहरांपर्यंत पोचले. तरीही परसदारी तोडून पाच मिनिटांत उकडलेल्या कणसाची आणि दोन दिवस पोत्यात राहिलेल्या कणसाची चव एक नसते. हैदराबादला तयार झालेल्या ‘माधुरी’ आणि ‘प्रिया’ या वाणांपासून आजच्या खाजगी कंपन्यांच्या संकरित वाणांपर्यंत कोणताही घ्या, घरच्या बागेचा फायदा कायम राहतो.

तोडायची वेळ ओळखणं वऱ्हाडातल्या माणसाला शिकवावं लागू नये. ज्याने थंडीत शेतावर बसून हुरडा खाल्ला आहे त्याला दाण्याच्या अवस्था बोटांनी कळतात: आधी पाणी, मग दूध, मग हुरडा, मग टणक ज्वारी. गोड मका हुरड्याच्या एक पायरी आधी, दुधावर असताना तोडायचा. कणसाचे केस वाळून तपकिरी झाले, पण वरचं आवरण हिरवंगार आहे, अशा वेळी टोकाकडून थोडं सोलून दाण्यात नख दाबावं. पांढरं दूध उडालं तर वेळ झाली. नुसतं पाणी आलं तर दोन दिवस थांबावं. नखाला पीठ लागलं तर ते कणीस वड्यांसाठी ठेवावं. केस बाहेर पडल्यापासून ही वेळ साधारण १८ ते २२ दिवसांनी येते, उन्हात लवकर आणि हिवाळ्यात उशिरा.

आता ज्या गोष्टीसाठी मला ही पुस्तिका लिहावीशी वाटली ती. आपल्याकडे परसबागेत हौसेने मका लावतात तो कुंपणालगत, एका ओळीत. झाडं उंच आणि हिरवी वाढतात, तुरे येतात, कणसंही धरतात. सोलून पाहावं तर आत दहा-वीस दाणे इकडे तिकडे विखुरलेले. मग बियाण्याला दोष, खताला दोष. खरं कारण वाऱ्याचं असतं. मक्याच्या झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात: शेंड्यावरचा तुरा नर, आणि कणसातून बाहेर लोंबणारे रेशमी केस मादी फुलांचे. प्रत्येक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. केसावर पराग पडला तर तो दाणा भरतो, नाही पडला तर ती जागा रिकामी राहते. हे काम मधमाशीचं नाही, वाऱ्याचं आहे. एका तुऱ्यातून लाखो परागकण झडतात, पण एकाच ओळीत झाडं असतील तर वारा ते सगळे शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकतो.

म्हणून मका चौकोनात लावायचा. चार ओळी आणि प्रत्येक ओळीत चार-पाच झाडं, याहून लहान ताटवा करू नये. दोन ओळींत दोन फूट आणि दोन झाडांत आठ-नऊ इंच ठेवलं तर दहा फूट लांब-रुंद वाफ्यात साठ-सत्तर झाडं बसतात. झाडाला एक चांगलं कणीस धरायचं. दुसरं आलं तर बरंच. ताटवा लहान असेल तर सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, दव वाळल्यावर, तुरे हळू हलवावेत किंवा एखादा तुरा तोडून दुसऱ्या झाडांच्या केसांवर झटकावा. हे काम लहान मुलांना द्यावं. आठवी-दहावीच्या पुस्तकातलं परागीभवन त्यांच्या हातांनी होतं, आणि तीन आठवड्यांनी कणीस सोललं की आपण कुठे चुकलो, कुठे नाही, ते दाण्यागणिक दिसतं. याहून स्पष्ट उत्तर देणारं दुसरं झाड मला माहीत नाही.

परतवाड्यातल्या संत्रा उत्पादकांना याच्या पुढची गोष्ट विशेष नवलाची वाटेल. संत्र्याच्या फुलावर कुठल्याही झाडाचा पराग पडो, फोडीतला रस बदलत नाही, कारण आपण खातो तो भाग आईचा असतो. मक्यात आपण खातो ते बीच. त्यामुळे बापाचा परिणाम त्याच हंगामात, त्याच कणसात दिसतो. गोड मक्याच्या केसांवर साध्या पिवळ्या मक्याचा पराग पडला तर तो दाणा पिठूळ होतो. गोडीचा जनुक दुबळा. दोन्हीकडून मिळाला तरच तो प्रकट होतो. गंमत म्हणजे अतिगोड आणि जुना गोड, अशा दोन वेगळ्या प्रकारांचा संकर झाला तरी दाणे पिठूळच निघतात, कारण दोघांतले बिघडलेले जनुक वेगवेगळे असतात आणि एकमेकांची उणीव भरून काढतात. शेजारच्या मळ्यात कोंबड्यांच्या खाद्याचा किंवा जनावरांच्या चाऱ्याचा मका असेल तर आपली लावण तीन आठवडे मागेपुढे करावी, म्हणजे दोघांचे तुरे एका वेळी येणार नाहीत. शेजारीही स्वीट कॉर्न लावणार असेल तर दोघांनी एकच वाण घ्यावा आणि एकाच दिवशी टोबावा. वाऱ्याने नेलेला पराग मग वाया जात नाही, आणि दोन लहान ताटव्यांचा एक मोठा ताटवा होतो. गल्लीतली तीन-चार घरं मिळून मका लावतील तर तो एकट्याच्या मक्यापेक्षा नक्की चांगला भरेल.

संकरित वाणांची झाडं एकसारखी वाढतात आणि आठवड्याभरात सगळी कणसं तयार होतात. घरात चार माणसं आणि दारात साठ कणसं, ही वेळ टाळायची तर मोठा वाफा एकदम न लावता वीस-वीस झाडांचे तीन ताटवे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावावेत. नाहीतर वाटून टाकावीत, तेही चांगलंच.

संकरित मक्याबद्दल वऱ्हाडने एक आठवण जपायला हवी. १९५७ मध्ये देशातला पहिला अखिल भारतीय समन्वित पीक सुधार प्रकल्प सुरू झाला तो मक्यावर, आणि १९६१ मध्ये त्यातून गंगा, रणजित, डेक्कन हे पहिले संकरित वाण शेतकऱ्यांकडे गेले. त्या वर्षांत केंद्रात कृषी खातं सांभाळत होते ते आपल्याच जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. गव्हाच्या आणि भाताच्या हरितक्रांतीची गोष्ट सगळे सांगतात. त्या प्रकारच्या संशोधनाची घडी आधी मक्यावर बसली, हे क्वचित कुणी सांगतं.

मातीकडे वळू. सातपुड्याच्या पायथ्याशी असल्याने आपल्या गावाच्या बऱ्याच भागात जमीन मुरमाड, निचऱ्याची आहे आणि विहिरींचं पाणी गोड आहे. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी मात्र बोअरच्या खाऱ्या पाण्यावर मका लावायच्या फंदात पडू नये. पावसाच्या पाण्यावर घ्यावा. काळ्या भारी मातीत सपाट वाफा करू नये. गुडघ्याएवढा होईपर्यंत मक्याला साचलेलं पाणी सोसत नाही. मुळांना हवा मिळाली नाही की झाड पिवळं पडून तिथेच अडतं. वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर टोबलं की हा प्रश्न राहत नाही. चुनखडीच्या मातीत जस्त पिकाला लागू होत नाही आणि कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंनी फिक्कट पट्टे दिसतात. त्यावर झिंक सल्फेट हाच उपाय. जुनी, खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने आत पिवळी होत गेली तर नत्र कमी पडला आहे. शेणखत आधी भरपूर, मग झाड गुडघ्याला आलं की एकदा आणि तुरा निघायच्या आधी एकदा नत्राचा हप्ता, एवढं पाळावं. डवऱ्याऐवजी आपल्या हाती खुरपं आहे. निंदताना बुडाशी माती चढवत जावी, म्हणजे आषाढातल्या वाऱ्यात झाडं आडवी होत नाहीत.

हंगामाबाबत मी आग्रही आहे. उन्हाळी स्वीट कॉर्न लावा असा सल्ला पुण्या-नाशिककडच्या लेखांत वाचायला मिळतो. तो परतवाड्याने ऐकू नये. पारा ३८ अंशांच्या वर गेला आणि हवा कोरडी असली की पराग केसावर रुजण्याआधीच मरतो, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. टोबल्यापासून फुलोऱ्यापर्यंत पन्नास ते साठ दिवस लागतात. म्हणजे फेब्रुवारीतली लावण भर उन्हात फुलणार. पाणी कितीही द्या, कणसं भुंडीच राहतील. पावसाळ्यातली लावण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, चांगला वाफसा पाहून करावी. आणि माझ्या मते नवख्याने ऑक्टोबरची लावण घ्यावी. जमीन अजून उबदार असते, बी चटकन उगवतं, पाऊस थांबलेला असतो, तण कमी असतं, आणि संक्रांतीच्या आगेमागे कणसं हाती येतात.

लष्करी अळीबद्दल आत स्वतंत्र प्रकरण आहे, कारण आज मक्याचा मोठा शत्रू तीच आहे. २०१८ च्या मे महिन्यात ती भारतात प्रथम कर्नाटकातल्या शिवमोग्याजवळ आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके ही तिची ओळख. ती पोंग्यात शिरून कोवळी पानं खाते आणि लाकडाच्या भुशासारखी विष्ठा मागे ठेवते. शेतकऱ्याला ती रडवते, कारण एकर-दोन एकरांतला प्रत्येक पोंगा पाहणं शक्य नसतं. साठ झाडांच्या बागेत ते शक्य आहे. रोज सकाळी चहा होण्याआधी पानांखालचे अंड्यांचे पुंजके चिरडावेत, पोंग्यात अळी दिसली तर काढावी, पोंग्यात चिमूटभर बारीक वाळू किंवा राख टाकावी, आठवड्याने पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. घरच्या माणसांनी कोवळं खायच्या पिकावर विषारी औषध मारण्याची वेळ येऊ नये, आणि रोज पाहणारी नजर असेल तर ती येत नाही. वानरांचं मात्र सांगता येत नाही. दूध भरायच्या दिवसांत वरून जुनी जाळी ताणावी, एवढाच उपाय मला माहीत आहे.

शेवटी एक विनंती, आणि ती खास मेळघाटात नोकरी किंवा काम करणाऱ्या वाचकांना आहे: शिक्षक, आरोग्यसेविका, वनखात्यातली माणसं, संस्थांचे कार्यकर्ते. ही पुस्तिका वाचून क्वार्टरमागे स्वीट कॉर्न लावावासा वाटेल. कोरकू बायांच्या बाडीजवळ तो लावू नका. त्या आपल्या मक्याचं बी दर वर्षी घरीच धरतात. स्वीट कॉर्नचा पराग त्यांच्या कणसावर पडला तर त्या वर्षी काहीच दिसत नाही. दाणा नेहमीसारखा गोल, टणक भरतो, कारण दुबळा जनुक आत दडून राहतो. तेच बी पेरलं की पुढच्या वर्षी कणसात मधे मधे आक्रसलेले दाणे निघतात, आणि पोत्यातलं धान्य का पोचट झालं हे कुणाला कळत नाही. पिढ्यांनी राखलेलं बी असं बिघडू देण्याचा आपल्याला अधिकार नाही. वर राहणाऱ्यांनी तिथलाच देशी मका मागून आणून लावावा आणि दुधावर असताना भाजून खावा. साखर कमी असते, पण मक्याची म्हणून जी चव आहे ती त्यात भरपूर असते. त्याच्या लावणीची माहिती शेवटच्या प्रकरणात आहे. बी धरायचं असेल तर एकाच मोठ्या कणसाचं धरू नये; शक्य तितक्या झाडांच्या कणसांतून, मधल्या भागातले दाणे थोडे थोडे घ्यावेत. मोजक्याच झाडांचं बी पुन्हा पुन्हा पेरत गेलं तर काही वर्षांत मका खुजा होतो आणि कणसं लहान पडू लागतात.